उंदीर डब्यात ठेवणाऱ्या बाई

आमच्या बाई कॉम्प्युटरला ‘हे’ म्हणायच्या. नुसतं ‘हे’. “हे आज उठणत नाय.” “ह्यांका गरम झाला, पंखो लाव गो.” “हे रुसले, जरा गप बसा.” मालवणच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, चिऱ्याच्या भिंतींच्या एका लांबट खोलीत त्यांचा क्लास होता आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं सगळं ऐकू यायचं. बाईंनी लग्न केलं नव्हतं, हे गल्लीला ठाऊक होतं. पण गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “गो, तुमच्या बाईंचे घोव आजारी असतत काय? सदीच उठणत नाय म्हणतत.”

मी काकूंना आत नेऊन ‘हे’ दाखवले. पांढऱ्याचे पिवळट झालेले, पाठीमागे पोट सुटलेले आणि बाईंच्या जुन्या पातळाचं झबलं अंगावर घातलेले. खारं वारं लोखंड खातं, म्हणून बाई प्रत्येक यंत्राला कापड शिवून घालायच्या. काकू बघून गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या मुलीचं नाव घालून गेल्या.

कॉम्प्युटर येण्याआधी तिथे टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटरांच्या खडखडाटात झोपायची गल्लीला इतकी सवय होती की रविवारी दुपारी लोकांचा डोळा लागत नसे. मग जुनं शतक संपत आलं आणि बातमी आली, की नवीन साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, बँका बंद पडणार, विमानं कोसळणार. नेमक्या त्याच दिवाळीत बाईंनी कॉम्प्युटर आणले. लोक म्हणाले, बाई, जरा दम धरा, जग राहतं की बुडतं ते तरी बघा. बाई म्हणाल्या, “बुडाक लागला तरी पोवता येणारो कोणतरी लागतलोच.”

जग काही बुडलं नाही. मी बारावी होऊन घरात बसले होते. वडिलांनी देवबागहून मला एसटीत बसवून बाईंकडे धाडलं.

बाई उंच, काटकुळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चपलेनं ताल चुकतो, असं त्यांचं म्हणणं. मुलं टाइप करत असताना त्या मागून फेऱ्या मारायच्या आणि बुटाच्या टाचेनं जमिनीवर ठेका धरायच्या. पाठीमागचा तो ठेका थांबला की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसले, सगळीकडे बघितलं आणि विचारलं, “बाई, माउस खंय?”

“डब्यात.”

फळीवर स्टीलचा एक मोठा डबा होता. दुसऱ्या कुठल्याही घरात त्यात चकल्या असत्या. बाईंनी झाकण काढून दाखवलं. आत सगळे माउस आपापल्या शेपट्या अंगाभोवती गुंडाळून निजले होते.

“म्हयनोभर गावचो नाय. उंदीर घरात सोडूक कारण लागता. कारण सांगशीत, त्या दिवशी घेवन जाशीत.”

“पण मगे चालवूचा कसा?”

“बोटां कित्याक दिली हत देवान?”

तेव्हा आजूबाजूच्या गावांत जे कोणी कॉम्प्युटर शिकले होते ते सगळे माउसवर हात ठेवूनच शिकलेले. इथे आम्हाला महिनाभर उंदराचं दर्शन नाही. पण त्या महिन्यात जे शिकले ते आजतागायत हातातून गेलेलं नाही. बाईंची शिकवण्याची तऱ्हाच वेगळी. पुस्तकातली भाषा त्यांना चालत नसे. कंट्रोलची कळ ओळखायला सांगताना त्या म्हणाल्या, “ही सासू. एकटी बसली तर कायेक करणा नाय. पण कोणाक बाजूक घेवन बसली, की घरातला पान तिच्याशिवाय हलाचा नाय.” सासू आणि सी बसल्या की नक्कल, सासू आणि व्ही बसल्या की चिकटवणं, सासू आणि झेड बसल्या की माघार. “माघार घेवक लाजू नको,” त्या म्हणायच्या. “माघार घेता येता म्हणून तर ह्यांच्याबरोबर संसार होता.”

आल्ट आणि टॅब म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. विंडोजच्या चिन्हाची कळ आणि डी म्हणजे सगळ्या खोल्यांतून एकदम बाहेर, खळ्यात. आमच्याकडे घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात. पडद्याची मोकळी जागा म्हणजे बाईंचं खळं. त्या खळ्यावर कोणी फायली टाकून ठेवल्या की त्यांचा पारा चढायचा. “खळा बसाक असता, सामान टाकूक नाय! उद्या कोण पावणो इलो तर त्येका बसवशीत खंय?” मग आम्ही मुकाट्यानं एकेक फाइल उचलून तिच्या खोलीत नेऊन ठेवायचो. फाइलचं नाव ‘नवीन’, ‘नवीन २’ किंवा ‘शेवटचं’ असं दिसलं तर एफ टू दाबून तिथल्या तिथे बारसं. “शेवटचा म्हणान ठेवलंस, आणि परवा परत बदलतलंस. मगे त्येचा नाव काय ठेवशीत? तेराव्याचा?”

डिलीट केलेलं जातं त्या डब्याला त्या कचरापेटी म्हणू देत नसत. ती पडवी. पडवीत टाकलेली वस्तू टाकलेली नसते, लागली तर सापडते. पण शिफ्ट धरून डिलीट केलं तर ते दर्यात. दर्यात टाकण्याआधी आम्हाला दोन्ही हात मांडीवर घेऊन मोठ्यानं विचारावं लागे, “टाकू?” आणि शेजारी बसलेल्याला “टाक” म्हणावं लागे. नवीन पोरं हसायची. पण माझ्या इतक्या वर्षांत बाईंच्या क्लासात कोणाची फाइल हरवून रडारड झालेली मी पाहिली नाही.

लाइट जाण्याचं तर विचारूच नका. पावसात दिवसातून कितीदा जाईल त्याला धरबंध नव्हता. म्हणून बाईंचा नियम, पूर्णविराम दिला की सासू आणि एस. “जाळ्यात गावलेलो मासो तुझो नाय. होडयेत घेतलंस तो तुझो.” पुढे पेनड्राइव्ह आले तेव्हा त्यांना पाव्हण्यांचा दर्जा मिळाला. पाव्हण्यानं पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, म्हणजे आधी व्हायरस तपासायचा. आणि निरोप घेतल्याशिवाय जायचं नाही, म्हणजे उपटून काढायचा नाही. एफ फाइव्ह उगाच दाबत बसणाऱ्यांचा तर त्यांना मनस्वी राग. यंत्र अडलं की काही मुलं ती कळ सारखी दाबत बसायची. बाई म्हणायच्या, “पाटी पुसून पुसून गणित सुटता काय रे?”

महिन्याच्या शेवटी परीक्षा. मॉनिटरवर टॉवेल टाकायचा आणि बाई सांगतील ते आंधळेपणी करायचं. “खळ्यात ये. चिट्ठयेच्या खोलयेत जा. कालची चिट्ठी काढ. छापूक दी.” मग टॉवेल उचलायचा. पडद्यावर कालचं पत्र आणि छापायची चौकट दिसली, की बाई फळीवरून डबा काढायच्या आणि समारंभानं एक उंदीर हातात द्यायच्या. गंमत अशी, की तोपर्यंत तो कोणालाच नको झालेला असायचा. मीसुद्धा माझा दोन-चार दिवस फिरवला आणि परत डब्यात निजवला.

पुढे मी तिथेच शिकवायला लागले. त्यामुळे बाईंबरोबर गावोगाव जाणं आलं. देवबागला पर्यटक यायला लागले होते आणि आमच्या वाडीतल्या एका भाऊंनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. मुंबई-पुण्याच्या लोकांचे ईमेल यायचे म्हणून कॉम्प्युटर घेतला होता. एका सकाळी त्यांचा निरोप आला, ताबडतोब या, पाहुणे वाटेवर आहेत आणि कॉम्प्युटर बिघडलाय.

आम्ही गेलो तर टेबलावर मॉनिटर चक्क डोक्यावर उभा. खाली काथ्याचं पायपुसणं, दोन्ही बाजूंना नारळाची टेकणं. समोर भाऊ बसून शांतपणे ईमेल वाचत होते.

बाई दारातच थांबल्या. “भाऊ, ह्या काय?”

“काय करू बाई? काल नातवान कायतरी दाबल्यान, आणि चित्र उलटा झाला. अक्षरां पाय वर करून. मगे मी म्हटलंय, ता उलटा तर आपण ह्येका उलटो करूया. आता बरा दिसता. पण माउस वर नेलो तर खाली जाता, ता काय जमणा नाय.”

दुसरं कोणी असतं तर हसून लोळलं असतं. बाईंनी मात्र मॉनिटरभोवती एक फेरी मारली, नारळ नीट टेकलेत का बघितलं आणि म्हणाल्या, “भाऊ, डोक्या तुमचा चलता. रस्तो थोडो लांबचो धरलास, इतक्याच.” मग त्यांनी भाऊंचीच बोटं धरून कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण एकदम दाबायला लावला. चित्र फिरलं. आणि मॉनिटर डोक्यावर उभा असल्यामुळे आता ते खरोखरच उलटं दिसायला लागलं. भाऊ ओरडले, “मेलो! परत झाला!” मग आम्ही तिघांनी मिळून तो जड मॉनिटर उचलून सरळ केला तेव्हा कुठे भाऊंचा जीव भांड्यात पडला. बाई तिथून निघेनात. भाऊंना खालचा बाण दाबून पाच-सहा वेळा चित्र उलटं करायला लावलं आणि वरचा दाबून सरळ. “मोडूक शिकलास की भीती जाता,” त्या म्हणाल्या. भाऊ नंतर कित्येक वर्षं पाहुण्यांना जेवणानंतर हा खेळ करून दाखवायचे.

पण बाईंची खरी ओळख मला पटली ती जनार्दनाच्या वेळी.

जनार्दन तोंडवलीचा. ट्रॉलरवर खलाशी होता. जाळं ओढताना दोर आणि तो गुंडाळणारा विंच यांच्यामध्ये त्याचा उजवा हात गेला. मनगटापासून पुढे काही राहिलं नाही. जखम भरली, पण माणूस घरात बसला तो बसलाच. त्याची बायको मंगल मालवणच्या बाजारात मासे विकायची. एका दुपारी ती रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून आत आली. मागे तो. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, नजर जमिनीवर.

“बाई, ह्यांका कायतरी शिकवा,” मंगल म्हणाली. “भितीकडे बघीत बसतत. हे कोणाकडे बोलणत नाय.”

“आमचे हे पण सकाळपास्ना तसेच,” बाई म्हणाल्या आणि बंद पडलेल्या यंत्राकडे बोट केलं.

मंगलला काही कळलं नाही. पण मी पाहिलं, जनार्दनाच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला.

बाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “हात दाखव.”

त्यानं कसनुसं तोंड करून टॉवेल सोडायला घेतला.

“तो नाय रे. तो नाय आसा ता माका दिसता. आसा तो दाखव.”

त्यानं डावा हात पुढे केला. दोरानं घट्टे पडलेला, रुंद पंजा. बाईंनी बोटं एकेक करून ताणून पाहिली, तळव्याची वीत मोजल्यासारखी कळपाटीवर, म्हणजे कीबोर्डवर, ठेवून बघितली. “बरो आसा. लांब आसा. बस.”

तो बसला, पण दुसऱ्या दिवशीच अडचण उघडी पडली. इंग्रजी एका हातानं जमेल. मराठीत शिफ्टशिवाय ओळ पुढे सरकत नाही, आणि शिफ्ट करंगळीनं धरून तोच हात पलीकडच्या टोकाला पोचायचा कसा? जनार्दन खुर्चीत वाकडातिकडा व्हायचा, कधी हनुवटीनं शिफ्ट दाबायला बघायचा. मी बाईंना हळूच म्हटलं, हे होणार नाही. बाई क्लास सुटल्यावर ‘ह्यां’च्यापुढे बसून राहिल्या.

शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की कॉम्प्युटर शिट्टीसारखा आवाज करून काहीतरी विचारतो. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, कारण ते चुकून व्हायचं, आणि आम्ही ते न वाचता घालवून टाकायचो. बाईंनी त्या दिवशी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. ते म्हणत होतं, कळा एकदम धरायला जमत नसेल तर एकामागून एक दाबा, मी लक्षात ठेवीन. शिफ्ट दाबून सोडायची, मग सावकाश अक्षर दाबायचं, तरी ते शिफ्टचंच उमटतं. बाईंनी करून पाहिलं. परत करून पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलून मला म्हणाल्या, “गो, हे केदवापास्ना सांगी होते. आमी आयकूक नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई क्लासात आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात पंच्यानं कमरेमागे बांधलेला होता.

मला वाटलं, पडल्याबिडल्या. बाजारात तर सगळ्यांनाच वाटलं. भाजीवालीनं विचारलं, “बाई, हाताक काय झाला?” बाई म्हणाल्या, “उजव्याक कायेक होवक नाय. डाव्याक शाळेत घातलंय.” आणि खरंच घातलं होतं. आयुष्यभर दहा बोटांनी टाइप केलेल्या या बाई आता डाव्या हाताची चार बोटं कळपाटीच्या मधोमध ठेवून पहिल्या धड्यापासून सुरुवात करत होत्या. सुरुवातीला घरीही पंचा सुटत नसे. चहा डाव्या हातानं, वेणी डाव्या हातानं, म्हणजे वेणी नाहीच, नुसताच बुचडा. कुठलं अक्षर कुठल्या बोटानं घ्यायचं, शिफ्टला अंगठा की करंगळी, हे त्या आधी स्वतःच्या बोटांत उतरवायच्या आणि मग जनार्दनाला सांगायच्या. हात का बांधलाय ते त्याला कळू नये म्हणून त्याच्यासमोर पदर उजव्या खांद्यावरून ओढून घ्यायच्या.

तो शिकत होता. हळू, पण शिकत होता. आणि एका दुपारी त्याच्या जुन्या बोटीवरचे दोघे गल्लीतून जाताना दारात थांबले. त्यांच्या मनात काही वाईट नसावं. एक म्हणाला, “काय रे जना, आता चेडवांच्या शाळेत?” म्हणजे पोरींच्या शाळेत. आणि दोघे हसून पुढे गेले.

जनार्दन यायचा बंद झाला.

मंगलनं सांगितलं, परत भिंतीकडे बघतात. बाईंनी यंत्रामागची एक वायर उपटली, कळपाटी टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, “चल.”

“खंय?”

“तोंडवलीक.”

एसटीत त्या डाव्या हातानं दांडा धरून उभ्या होत्या. तोंडवलीला उतरून आम्ही वाळूतून गेलो. जनार्दन खळ्यात बसला होता. बाजूला जाळं वाळत घातलेलं, पण दुरुस्तीला त्याचा भाऊ बसलेला, आणि हा नुसता बघत. बाईंना पाहून तो उठला. बाईंनी त्याला परत बसवलं, स्वतः जमिनीवरच बसल्या, कळपाटी मांडीवर घेतली. वायर वाळूत लोळत होती.

“वाच,” त्या म्हणाल्या.

“काय वाचू? पडदो खंय आसा?”

“बोटां बघ आणि वाच.”

आणि त्या डाव्या हातानं टाइप करायला लागल्या. ना वीज, ना यंत्र, नुसत्या कळा. जनार्दन बघत राहिला. मग पुटपुटायला लागला. “ज... न... काना... जना.” बाईंचं बोट पुढे गेलं. “उ...” तो पुढे वाकला. भावानं हातातलं जाळं खाली ठेवलं. “उ... द...” मग तो एकदम थांबला. “बाई, चुकल्यात. हय शिफ्ट दाबूक होयी होती.”

बाईंचा हात थबकला. त्यांनी कळपाटीकडे पाहिलं. “होय रे. चुकलंय.” मी बाईंची चूक पहिल्यांदाच बघत होते.

त्यांनी शिफ्ट दाबली, मग अक्षर दाबलं आणि पुढचं सरळ केलं. जनार्दनानं सबंध वाचलं. “जना, उद्या ये.”

तेवढ्यात वाऱ्यानं बाईंचा पदर सरकला आणि त्याला मागे बांधलेला हात दिसला. तो बघतच राहिला. “बाई, हात कित्याक बांधलास?”

“मास्तरान चार पावलां पुढे ऱ्हवूक होया. तू बेगीन चलतंस. दोन हात घेवन माका तुझी चाल समजणा नाय.”

तो मान फिरवून समुद्राकडे बघत बसला. बाईंनी त्याच्याकडून उत्तर मागितलं नाही. मंगलच्या सासूनं सोलकढी आणून दिली ती आम्ही प्यायलो आणि परतीची एसटी पकडली. दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधी जनार्दन पायरीवर बसलेला होता. तोंड रस्त्याकडे.

पुढच्या वर्षी मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत टायपिंगला माणूस हवा होता. जनार्दनानं अर्ज केला. बाई त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. “मी इलंय तर ते माका बघतीत, तुका नाय.” पण त्यानं मला येशील का विचारलं, म्हणून मी गेले. चेअरमन माणूस चांगला होता. जनार्दनाच्या वडिलांना ओळखणारा. म्हणूनच अवघडला होता. त्यानं कचेरीतली शुद्ध भाषा काढली. “हे पाहा, तुमच्याबद्दल आम्हा सर्वांना सहानुभूती आहे. परंतु कामाचा व्याप मोठा आहे. नंतर तुम्हालाच त्रास व्हायला नको.”

जनार्दन म्हणाला, “एक कागद देवन बघा.”

चेअरमननं पावसाळी मासेमारी बंदीच्या नोटिशीचा हातानं लिहिलेला मसुदा पुढे ठेवला. होड्या केव्हा वर ओढायच्या, कोणी कुठे लावायच्या वगैरे. जनार्दन खुर्चीत बसला. डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. यंत्रानं मोठ्यांदा शिट्टी घातली. शिपाई धावत आत आला. चेअरमन खुर्चीतून अर्धा उठला आणि शुद्ध भाषा पार विसरला.

“काय मोडलंस रे?”

“मोडूक नाय. हात लावलंय.”

“खंयचो हात?”

“उजवो,” जनार्दन म्हणाला आणि एन्टर दाबलं.

मग कचेरीत फक्त कळांचा आवाज. घाई नाही, थांबणं नाही. मला नकळत मी टाचेनं ठेका धरला होता. नोटीस छापून बाहेर आली तेव्हा चेअरमननं चष्मा लावून ती वाचली, परत वरपासून वाचली. शिपायाला म्हणाला, “ही फळ्यार लाव.” आणि मग, जनार्दनाकडे न बघता टेबलावरचे कागद सारखे करत, “सोमवारपास्ना दहा वाजता ये. डबो घेवन ये. हय जेवक कायेक गावणा नाय.”

आम्ही धावतच क्लासात आलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी विचारलं, “छापताना कागद वाया गेलो काय?”

“नाय बाई.”

“मगे बरा.” आणि त्यांनी मला पाठीमागची गाठ सोडायला सांगितली. इतके महिने रोज जनार्दनाच्या तासाला तो हात बांधलेला असायचा. पंचा सुटल्यावर त्यांनी उजवा हात समोर धरला, बोटं उघडली, मिटली, टेबलावर आपटून पाहिली. “आळशी झालो,” त्या म्हणाल्या. “आता ह्येका परत शिकवूक होया.” तेव्हा जनार्दन खो खो हसला. त्याचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मंगल मग महिन्याभरानं मोठी सुरमई घेऊन आली आणि तक्रार करून गेली, की घरात आता हे बोलतात ते बोलतातच, कोणाला बोलू देत नाहीत.

जनार्दन अजून त्या कचेरीत आहे. त्याला हसून गेलेले ते दोघे बोटीचे कागद करायला त्याच्याकडेच येतात. तो त्यांना चहा पाजतो आणि पेनड्राइव्हचे पाय धुवायला लावतो.

बाईंनी क्लास बंद केला तेव्हा शाळाशाळांत कॉम्प्युटर आले होते, घराघरांत येत होते. मुलं घरूनच शिकून यायची. बाईंनी कुरकुर केली नाही. यंत्रं वाटून टाकली, टाइपरायटर एका शाळेला दिले आणि कुणकेश्वरला भाचीकडे राहायला निघाल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले. मला भरून आलं होतं. त्यांना काही आल्याचं दिसत नव्हतं.

“बाई, वायट वाटणा नाय?”

“कित्याक? शिकवूचा होता ता शिकवलंय. येणारे इले, शिकान गेले.” त्या खिडकीशी बसल्या. बूट तेच, पांढरे. मग खिडकीतून वाकून, काही गुपित सांगावं तशा म्हणाल्या, “भाचयेच्या झिलान, माझ्या नातवान, नवो फोन आणल्यान. त्येका कळाच नाय हत गो. नुसती काच. काचेर बोट फिरवला की चलता.”

“मग?”

“मगे काय? खंयच्या बोटान धरूचा, ताल कसो ऱ्हवात, ता बघूक होया. त्येका कोण शिकवणारो नाय. जो तो नुसतो अंगठो फिरवता.”

कंडक्टरनं घंटी मारली. मी हात केला. बाईंनी केला नाही, त्यांचं लक्षच नव्हतं. पुढच्या सीटच्या पाठीवर त्या एकेक बोट फिरवून बघत होत्या. आधी पहिलं, मग मधलं, मग परत पहिलं. गाडी वळणावर गेली तोवर मला त्यांचा हात दिसत होता.